डोळे आले तेव्हाची मुक्कामी गाडी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापुरात डोळ्यांची साथ आली, तेव्हा मला कंडक्टर होऊन जेमतेम दोन वर्षं होत होती. डोळे येणं आम्हाला नवं नव्हतं. दर उन्हाळ्यात चाळीतल्या चार पोरांचे यायचे आणि जायचे. ही साथ तशी नव्हती. पुढं कधीतरी वाचनात आलं, की ती आफ्रिकेतून निघून देशोदेशी फिरत आपल्याकडं पोचली होती. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं, की सकाळी चांगला असलेला माणूस संध्याकाळी लालभडक डोळे घेऊन बसतो आणि पाठोपाठ त्याचं सगळं घर बसतं.

आम्ही गिरणीच्या चाळीत राहत होतो. वडील तिथंच साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते. पहिल्या पाळीला निघालेली माणसं डोळ्याला रुमाल लावून जायची आणि मुकादमानं दारातून हाकललं की तशीच परत यायची. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती. तिथला मागांचा खडखडाट दिवसभर आमच्या कानात असायचा, तो मधेच बंद पडायला लागला. बाजारात एक जण टोपलीभर काळे-निळे गॉगल घेऊन बसला होता. डोळे आलेल्याकडं नुसतं बघितलं तरी आपले येतात, अशी लोकांची खात्री. त्यामुळं ज्यांचे आले तेही गॉगल लावायचे आणि ज्यांचे यायचे होते तेही.

आई मला रोज बजावायची, "लोकांच्या तोंडाकडं बघत जाऊ नको. खाली बघून तिकीट दे." कंडक्टरला हे कसं जमणार, ते तिनं सांगितलं नाही.

डेपोत ड्रायव्हर गळायला लागले होते. कंडक्टर एक वेळ तांबड्या डोळ्यांनी तिकीट फाडू शकतो, ड्रायव्हरला रस्ता दिसावा लागतो. रोज दोन-चार फेऱ्या रद्द व्हायच्या. माझा ड्रायव्हर मात्र ठणठणीत होता. त्याला सगळा डेपो चाचा म्हणायचा. पन्नाशीचा, हाडापेरानं मोठा, मेंदी लावलेली दाढी. घरी दखनी बोलायचा, रस्त्यावर मराठी आणि अक्कलकोटकडं गेला की कानडीसुद्धा. गाडी चालवताना कुणी घाई केली तर तो वेग आणखी कमी करायचा. मला तो फार आवडायचा.

आमच्याकडं एक मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी सोलापुरातून निघायचं, जिल्ह्याच्या नैऋत्येकडच्या कोरड्या भागातल्या एका गावाला जाऊन मुक्काम करायचा आणि सकाळी तिथली माणसं घेऊन परत यायचं. गावाच्या पुढं रस्ताच नव्हता. शे-सव्वाशे घरं, शेजारी धनगरांची वस्ती, एक शाळा आणि उन्हाळ्यात तळाला गेलेली एक विहीर. साथीत एक दिवस ती घेऊन जाताना चाचा एकसारखा डावा डोळा चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "धूळ गई होगी." उन्हाळ्यात आम्ही गाडीच्या टपावर झोपायचो, तसे झोपलो.

सकाळी मला जाग आली ती त्याच्या हाकेनं.

"बेटा, उजाडलं क्या?"

"उजाडलं की चाचा. ऊन आलंय."

"फिर मेरे कू दिखता क्यूं नई?"

मी वळून बघितलं. पापण्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टरारून फुगल्या होत्या आणि एकमेकींना चिकटल्या होत्या. हाताला धरून त्याला शिडीवरून खाली उतरवला, पाणी मारलं. डाव्या डोळ्याची एक फट उघडली. त्या फटीतून त्यानं समोर बघितलं आणि म्हणाला, "रस्ता दिसतोय, पण पाण्यात बुडालेला दिसतोय."

गाडीपाशी माणसं जमायला लागली होती. दुधाचे कॅन घेऊन एक जण, लेकीला सासरी पोचवायला निघालेली एक बाई, सोलापूरच्या गिरणीतले दोघं, आणखी काही. गाडी सुटणार नाही म्हटल्यावर एक जवान गडी पुढं झाला. "मी हाकतो की. श्रीपूरच्या कारखान्याला ट्रॅक्टर हाकतोय मी."

चाचा डोळे मिटूनच म्हणाला, "ट्रॅक्टरमागं ऊस असतो. हितं माणसं हायत."

मग मी शाळेच्या गुरुजींची सायकल मागितली आणि पलीकडच्या मोठ्या गावाच्या पोस्टात जाऊन डेपोला फोन लावला. कंट्रोलर एरवी प्रेमळ माणूस. त्या दिवशी मात्र मेटाकुटीला आला होता. "ड्रायव्हर कुठनं आणू? निम्मे घरी पडलेत. ड्रायव्हरचे डोळे उघडले की घेऊन या. तोवर तू गाडीपासनं हलू नको."

मी परत आलो तर गावाचा सूर बदललेला होता. पारावर एक म्हातारे पाटील बसले होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. ते मला म्हणाले, "कंडक्टर, राग मानू नका, पर रोग तुमच्या गाडीनं आनलाय. गाडी गावाच्या भाईर काढा."

"काढली असती पाटील, पण ड्रायव्हरला दिसत नाही."

"ढकलतो की आमी."

आणि खरंच ढकलली. चाचाला उचलून त्याच्या जागेवर बसवला. गिअर सुटा केला. वीस-पंचवीस गडी मागं लागले. मी चाचाच्या दाराशी फूटबोर्डवर उभा राहून सांगत होतो, "डावीकडं घ्या, आणखी थोडं, आता सरळ." तो मिटल्या डोळ्यांनी स्टिअरिंग फिरवत होता आणि खालून पोरंटोरं ओरडत पळत होती. गावाबाहेर कोरड्या ओढ्याच्या कडेला एक दांडगी चिंच होती, तिच्या सावलीत गाडी उभी राहिली. हँडब्रेक ओढून चाचा म्हणाला, "एवढी वर्षं गाडी चालवली, पण धक्क्यावर, आंधळ्यानं पहिल्यांदाच चालवली." लोक हसले. पारावरून मागोमाग आलेले पाटीलही हसले, पण गाडीच्या जवळ आले नाहीत.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं नर्सबाई आल्या. त्या मूळच्या बार्शीकडच्या. गावात पत्र्याच्या एका खोलीत राहायच्या आणि त्याच खोलीत दवाखाना चालायचा. चाळिशीच्या असतील. पांढरं लुगडं धुळीनं मळलेलं, खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला. सकाळपासून त्या वस्तीवरच होत्या. गाडी बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. पाटलांनी सांगितलं.

"गाडीनं रोग आणला म्हणता?" बाई म्हणाल्या. "वस्तीवरच्या पोरांचे डोळे परवाच आलेत. करकंबला लग्नाला गेली होती ती माणसं, तिकडनं घेऊन आली. मग गाडीचं नाव कशाला घेता, वऱ्हाडाचं घ्या की."

थोड्या वेळानं पाटलांच्या घरून आमच्यासाठी गुळाचा चहा आला.

बाईंनी चाचाचे डोळे तपासले, उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसले, थेंब सोडले आणि त्याला मागच्या लांब सीटवर आडवा केला. मग त्या गाडीत पुढून मागं एक चक्कर मारून आल्या. सीटवर हात फिरवला, खिडक्यांकडं बघितलं.

"कंडक्टर, गाडी किती दिवस आहे हितं?"

"चाचांचे डोळे उघडेपर्यंत."

"म्हणजे चार दिवस तरी गेले. माझ्या खोलीत चार माणसं मावत नाहीत. बाकीची उन्हात उभी राहतात, त्यात पत्रा तापतो. हितं सावली आहे, बसायला जागा आहे. उद्यापासनं पेशंट हितं बसवू का?"

गाडी सरकारी. उतारूंशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. मी चाचाकडं बघितलं. त्याला माझं बघणं दिसत नव्हतं, पण माझं गप्प राहणं त्याला कळलं असावं.

"गाडी कशासाठी असते बेटा?" तो म्हणाला. "माणसं बसवायला. बसव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत दवाखाना सुरू झाला. गर्दी झाली तशी पहिली अडचण पाण्याची आली. बाईंचा हट्ट, की गाडीत पाय टाकण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे आणि थेंब घालून उतरताना परत धुवायचे. विहिरीत पाणी कमी. बायका तासन्‌तास थांबून एकेक घागर भरत होत्या. एक बाई स्पष्टच म्हणाली, "प्यायला न्हाय आन हात कशानं धुवायचं?"

चाचा आतून म्हणाला, "बेटा, माझा लोटा काढ."

नमाजाआधी हातपाय धुवायला तो तोटीचा एक जस्ती लोटा बरोबर बाळगायचा. तोटीतून करंगळीएवढी धार पडते, भांडं उपडं करावं लागत नाही. मी दारात उभं राहून धार धरली. एका लोट्यात कितीतरी माणसांचे हात धुऊन झाले. मघाशी बोललेल्या बाईनं ते बघितलं, घरी गेली आणि आपणहून अर्धी घागर आणून ठेवली. नंतर रोज कुणी ना कुणी आणून ठेवायचं.

माझं काम मग आपोआप ठरलं. हात धुवून घ्यायचे, एकेका सीटवर एकाला बसवायचं, मान मागं टेकवायला सांगायची. नर्सबाई मधल्या वाटेनं पुढून मागं थेंब टाकत जायच्या. मी सवयीनं ओरडायचो, "पुढं सरका, मागं जागा करा." लोक हसायचे. सगळी गाडी डोळे मिटून, तोंड वर करून बसलेली असायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं झोपलीत.

लोकांनी डोळ्यांत काय काय घातलं होतं, ते ऐकून मी थक्क झालो. कोथिंबिरीचा रस, मध, कुणी अंगावरचं दूध. एका गड्यानं रुईचा चीक आणून ठेवला होता, फक्त घालायचा बाकी होता. बाईंनी तो त्याच्या हातातून घेऊन ओढ्यात फेकला. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, "बाई, तुमच्या औषधानं बरं होतं ना पण?"

त्या बाटलीचं बूच लावत होत्या. "खरं सांगू? हे दुखणं आपसूक उतरतं. आठवडाभर जातो त्यात. औषधानं जरा बरं वाटतं, एवढंच."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"माणसाचा डोळा दुखायला लागला की त्याच्यानं गप्प बसवत नाही. काहीतरी घालणारच तो. मी थेंब घातला की तो बाकीचं घालत नाही. आणि थेंबासाठी आला की हात धुतो. पोराचा डोळा पदरानं पुसून त्याच पदरानं आपला पुसू नको, हे मला सांगता येतं."

त्यांनी जुनं धोतर फाडून उकळून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. ज्याची त्याला एक. काजळाची डबी चार पोरांत एकच असेल तर ती मागून घ्यायच्या. बायका कुरकुरत द्यायच्या, पण द्यायच्या.

वस्तीवरची एक म्हातारी रोज यायची. सत्तरीची असेल. मोठं ठसठशीत कुंकू, हातात काठी. तिचे डोळे फारसे आलेच नव्हते, एक कोपरा तेवढा लाल होता. पण ती पहिल्या घोळक्यात येऊन खिडकीची जागा धरायची आणि थेंब घालून झाला तरी उठायची नाही. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "कवा सुटनार गाडी?"

"आजी, गाडी सुटणार नाही. दवाखाना आहे हा."

"व्हय का," ती म्हणाली आणि बसूनच राहिली. मागून तिच्या सुनेनं सांगितलं, "त्या कंदी बसल्याच न्हाईत गाडीत. मेंढरामागं सारा मुलूख चालत फिरल्यात, पर गाडीत न्हाई बसल्या."

आमच्या जेवणाची पाळी गावानं लावून घेतली होती. कुठल्या घरून काय येणार हे आम्हाला ठाऊक नसायचं. भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं पातळ माडगं. वस्तीवरून शेळीचं दूध. पाटलांच्या घरून एकदा पुरणपोळी आली. चाचा ताट मांडीवर घेऊन विचारायचा, "आज क्या है?" मी सांगायचो. मग तो चाचपडत खायचा आणि चिंचेखाली जमलेल्या लोकांना घाटातल्या, पुरातल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचा. संध्याकाळी तिथं पारापेक्षा जास्त माणसं बसायला लागली.

एके दिवशी सकाळी नर्सबाई आल्या त्याच हळूहळू. पायरीशी आल्यावर त्यांनी दांड्याला धरून मला हाक मारली. त्यांचे दोन्ही डोळे सुजले होते. एवढ्या लोकांच्या डोळ्यांत वाकून बघितल्यावर दुसरं काय होणार होतं? पण मी मात्र घाबरलो. बाहेर माणसं थांबली होती.

"बाई, आज नको. सांगतो मी त्यांना."

"कशाला नको? मला दिसत नाही, तुम्हाला दिसतंय ना?" त्या पुढच्या सीटवर बसल्या. "बाटली घ्या. आधी माझ्या घाला. खालची पापणी बोटानं खाली ओढा. थेंब तिथं सोडा. नळी डोळ्याला लागू द्यायची नाही."

पहिला थेंब त्यांच्या गालावर पडला. त्यांनी तो पुसला आणि म्हणाल्या, "परत." दुसरा बरोबर पडला.

मग मी सगळ्या गाडीला थेंब घातले. पहिले गुरुजी, त्यांच्यामागं पाटील. दोघांचेही आले होते एव्हाना. पाटील मान मागं टाकून म्हणाले, "कंडक्टर, तिकीट न्हाय ह्ये, डोळाय. भोक पाडू नका." सगळी गाडी हसली आणि माझा हात बसला. नर्सबाई मिटल्या डोळ्यांनी बसून ऐकत होत्या. कुणाला कधीपासून दुखतंय, उजेड सहन होतो का, घरात आणखी कुणाला आहे, हे त्या आवाजाच्या दिशेनं वळून विचारायच्या. एखादा न बोलता पुढं सरकला तर म्हणायच्या, "हात धुतले का? पाण्याचा आवाज आला नाही मला." पुढं गेलेला माणूस खाली उतरून हात धुऊन यायचा.

त्या दिवशी मला जे समाधान वाटलं, ते सांगताना आजही शब्द कमी पडतात. तिकिटं मी हजारो फाडली होती. माणसाच्या तोंडाकडं इतक्या जवळून, इतक्या शांतपणे कधी बघितलं नव्हतं. डोळे मिटून मान मागं टाकलेला माणूस, तो पाटील असो की मेंढका, तुमच्या हाती आलेला असतो. बाजूला झालं की तो डोळे मिचकावत बघतो आणि पहिल्यांदा तुम्हीच त्याला दिसता.

दोन दिवसांनी चाचाचे डोळे उघडले. त्यानं चिंचेभोवती फिरून बघितलं, लांबच्या टेकडीवरचं देऊळ बघितलं, माझ्या शर्टाची बटणं मोजल्यासारखी बघितली आणि म्हणाला, "चलो." साथही गावात ओसरत आली होती. पोरं तर परत ओढ्यात खेळायला लागली होती. नर्सबाईंनी गाडीच्या सीटा आणि दांडे साबणाच्या पाण्यानं स्वतः उभं राहून पुसून घेतले. त्यांच्या डोळ्यांना आराम पडला होता, पण उन्हाकडं बघवत नव्हतं. चाचानं उन्हात गाडी चालवताना लावायचा आपला गॉगल त्यांना दिला. त्या नको म्हणाल्या. मग पाटीलच म्हणाले, "घ्या की बाई. आमी न्हाय हसत." तेव्हा घेतला.

गाडीत उतारू बसले. सासरी निघालेली ती लेक होती, दूधवाला होता. आणि खिडकीपाशी ती म्हातारी.

"आजी, आता गाडी सुटणार."

"म्हनूनच बसलीया."

"जायचं कुठं?"

तिनं हे ठरवलेलं नव्हतं. जरा विचार करून म्हणाली, "फुडच्या गावापातुर. तितनं येते की चालत."

चाचानं मागं वळून बघितलं आणि तिच्या तिकिटाचे पैसे आपण देतो असं खुणेनं सांगितलं. मी ते फाडून तिच्या हातात दिलं. तिनं ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. गाडी सुरू झाली तशी तिनं पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. चिंच मागं गेली, वस्ती मागं गेली, तिच्याच घरची मेंढरं माळावर दिसली आणि मागं गेली. तिचं तोंड थोडं उघडं, डोळ्यांतून पाणी. ते वाऱ्याचं होतं की दुखण्याचं, मी विचारलं नाही.

पुढच्या गावी चाचानं गाडी अगदी सावकाश थांबवली. मी तिला हात धरून उतरवलं.

"कसं वाटलं आजी?"

"लई हालती," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर बसल्या जागी मुलूख दिसतोय." आणि काठी टेकत आल्या वाटेनं परत चालायला लागली.

डेपोत आम्हाला कुणी काही बोललं नाही. कंट्रोलर स्वतः काळा गॉगल लावून खिडकीत बसला होता. चाचाला बघून म्हणाला, "आलास? उद्याची अक्कलकोट घे." एवढंच. चिंचेखालच्या दवाखान्याचं आम्हीही काही सांगितलं नाही.

माझे डोळे दुसऱ्याच दिवशी आले. आईला वाटलं, मी उतारूंच्या तोंडाकडं बघितलं. मी तिला खालची पापणी कशी ओढायची ते शिकवलं, टॉवेल वेगळा घेतला, हात धुवायला लावले. तिनं ते शेजारणीला शिकवलं. माझे डोळे बरे झाल्यावर चाळीतल्या बायका पोरं घेऊन आमच्या दारात यायला लागल्या. वडील कौतुकानं म्हणायचे, "आमच्या घरात डॉक्टर व्हायचा राहिला होता, तो कंडक्टर झाला." मला त्यात कमीपणा वाटला नाही.

पुढं चाचा निवृत्त झाला, मी वेगवेगळ्या मार्गांवर फिरलो. काही वर्षांनी बार्शीच्या गाडीवर असताना एका फाट्यावर नर्सबाई चढल्या. केस पिकले होते. हातात लशीची पेटी होती. मी तिकीट द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि आधी माझ्या डोळ्यांकडंच बघितलं.

"डोळे कसे आहेत?"

"चांगले आहेत बाई. तुमचे?"

"चष्मा लागला," त्या म्हणाल्या. "वयानं."

मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसलो. आता कुठल्या गावाला आहात, पाऊस कसा आहे, अशा गोष्टी झाल्या. बोलता बोलता त्यांचा फाटा आला. मी पेटी खाली उतरवून दिली. त्या पेटी हातात घेऊन शेतांमधल्या पांदीच्या वाटेला लागल्या. मागं दोघं जण खिडकीच्या जागेवरून भांडत होते, तिकडं गेलो.